९८७६५४३२१ : ड्युनेडिनचा गुणाकार, देवळालीची वजाबाकी

नऊपासून एकपर्यंतचे अंक उतरत्या क्रमाने लिहिले की अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस ही संख्या तयार होते : ९८७६५४३२१. तेच अंक चढत्या क्रमाने लिहिले की १२३४५६७८९ मिळते. या दोन संख्यांचा गुणाकार किती, असा प्रश्न अलेक्झांडर क्रेग एटकिन यांना त्यांच्या मुलांनी एकदा विचारला. एटकिन हे एडिंबरा विद्यापीठातील गणितज्ञ. जन्माने मात्र न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ड्युनेडिनचे. कागद-पेन्सिल न घेता त्यांनी जेमतेम अर्ध्या मिनिटात उत्तर दिले : १२१९३२६३१११२६३५२६९. पुढे १९५४ साली लंडनमध्ये अभियंत्यांच्या सभेपुढे मनोगणितावर व्याख्यान देताना हा प्रसंग त्यांनी स्वतःच सांगितला.

आज हाच गुणाकार एक्सेलच्या चौकटीत करून पाहिला, तर शेवटचे तीन अंक शून्य झालेले दिसतात : १२१९३२६३१११२६३५०००. एक्सेल पहिले पंधरा सार्थ अंक तेवढे जपते आणि उत्तर तर अठरा अंकी आहे. म्हणजे रोज कोट्यवधींचे हिशेब ज्यावर सोपवले जातात त्या साधनाहून एटकिन यांचे अर्ध्या मिनिटातले उत्तर अधिक अचूक होते.

तरीही या प्रसंगाचे मोल वेगात नाही. एटकिन यांनी तो गुणाकार शाळेत शिकवतात तसा केलाच नाही. तसा करायचा तर नऊ ओळी मांडाव्या लागतात आणि एकेका अंकाचे एक्याऐंशी छोटे गुणाकार करून हातचे सांभाळावे लागतात. त्यांनी ते केले नाही, कारण समोरची संख्या त्यांच्या ओळखीची होती. ही ओळख म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासारखे आहे. परदेशातील मराठी घरांत मुलांना पाढे शिकवावेत की नाही, यंत्र हाती असताना आकडेमोडीचा उपयोग काय, हे प्रश्न अधूनमधून निघतात. त्यांचे उत्तरही बरेचसे या ओळखीतच दडलेले आहे.

अर्ध्या मिनिटातील तीन पावले

एटकिन यांच्या सांगण्यानुसार त्यांना क्षणार्धात एक गोष्ट दिसली : ९८७६५४३२१ ला ८१ ने गुणले की ८०००००००००१, म्हणजे आठ हजार कोटी एक, ही संख्या येते. पडताळा सोपा आहे. ९८७६५४३२१ ची नऊपट ८८८८८८८८८९ होते आणि त्याची पुन्हा नऊपट ८०००००००००१.

पहिले पाऊल हेच. ९८७६५४३२१ या अवघड गुणकाच्या जागी ८०००००००००१ हा सोपा गुणक घेतला. उत्तर ८१ पट मोठे येणार, ते शेवटी ८१ ने भागून दुरुस्त करायचे.

दुसरे पाऊल गुणाकाराचे. १२३४५६७८९ ची आठपट ९८७६५४३१२. ती डावीकडे ठेवायची, मध्ये एक शून्य आणि उजवीकडे मूळ १२३४५६७८९ तशीच उतरवायची :

९८७६५४३१२ ० १२३४५६७८९

आकड्यांची ही माळ म्हणजेच ९८७६५४३१२०१२३४५६७८९. एकही अंक वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही, कारण दोन्ही तुकडे जवळजवळ क्रमवार अंकांचेच आहेत.

तिसरे पाऊल भागाकाराचे. ८१ ने भागणे म्हणजे दोनदा ९ ने भागणे. पहिल्या भागाकारात १०९७३९३६८००१३७१७४२१ येते आणि दुसऱ्यात १२१९३२६३१११२६३५२६९. एकअंकी भाजकाने डावीकडून उजवीकडे जात उत्तराचा एकेक अंक उच्चारायचा, एवढेच काम उरते.

शाळेच्या रीतीत ८१ गुणाकार होते. या रीतीत ८१ ही एकच संख्या त्या सर्वांच्या जागी आली. हा योगायोग म्हणावा तर तसाही नाही. शाळेतले ८१ हे नऊ गुणिले नऊ अंकांचे, आणि एटकिन यांचे ८१ हे दहातून एक वजा करून येणाऱ्या नवाचा वर्ग. दोन्हींच्या मुळाशी दहाच्या आधारावर उभी असलेली आपली लेखनपद्धतीच आहे.

८१ कुठून आला

एकाला ९ ने भागले की ०.१११११… असा न संपणारा दशांश अपूर्णांक येतो. एकाला ८१ ने भागणे म्हणजे या अपूर्णांकाचा वर्ग करणे. वर्ग करताना पहिल्या स्थानी एक, दुसऱ्या स्थानी दोन, तिसऱ्या स्थानी तीन अशा एककांच्या वाढत्या राशी साचत जातात. म्हणून १/८१ ची किंमत ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… अशी येते. आठ मात्र तिच्यात नाही. पुढच्या राशी दहाच्या वर गेल्यामुळे हातचा मागे सरकतो आणि आठाचा नऊ होतो.

आता ८०/८१ घेतले तर ०.९८७६५४३२०९८७६५४३२०… असा अपूर्णांक मिळतो. त्याला शंभर कोटींनी गुणले की ९८७६५४३२०.९८७… ही किंमत येते. आपली संख्या तिच्याहून अवघ्या एक-एक्याऐंशीअंशाने मोठी आहे. तेवढी भर घालून ८१ ने गुणले की आठ हजार कोटी एक मिळणारच. अपूर्णांकांचे दशांश विस्तार ज्याच्या नित्य परिचयाचे आहेत, त्याला ९८७६५४३२१ हे नऊ सुटे अंक दिसत नाहीत. ८०/८१ चा ओळखीचा चेहरा दिसतो. एटकिन यांना असे विस्तार तोंडी सांगण्याचा मोठाच सराव होता.

या संख्येचे इतर गुणधर्मही याच उगमाशी पोचतात. तिची नऊपट ८८८८८८८८८९, अठरापट १७७७७७७७७७८, सत्तावीसपट २६६६६६६६६६७, छत्तीसपट ३५५५५५५५५५६, आणि याच चालीने बहात्तरपट ७१११११११११२. नवाच्या पाढ्यातील प्रत्येक गुणकासाठी मधले नऊ अंक एकसारखे येतात.

तिच्या चढत्या जोडीदाराशीही तिचे नाते घट्ट आहे : १२३४५६७८९ ची आठपट करून त्यात ९ मिळवले की नेमके ९८७६५४३२१. दोघींची बेरीज १११११११११०, आणि दोघींच्या बरोबर मध्यावरची संख्या ५५५५५५५५५. एक ते नऊ हे अंक प्रत्येकी एकदा वापरून ज्या ३६२८८० संख्या लिहिता येतात, त्या सर्वांची सरासरीही ५५५५५५५५५ हीच. कारण सरळ आहे : प्रत्येक स्थानी प्रत्येक अंक सारख्याच वेळा येतो आणि एक ते नऊची सरासरी पाच असते. या ३६२८८० संख्यांपैकी एकही मूळ संख्या नाही, कारण प्रत्येकीच्या अंकांची बेरीज ४५ आहे आणि म्हणून प्रत्येकीला ९ ने भाग जातो.

येथवरचे बहुतेक गुणधर्म संख्येच्या लेखनाचे आहेत. संख्येचा स्वतःचा पिंड तिच्या मूळ अवयवांत असतो आणि तो कोणत्याही लिपीत वा पद्धतीत बदलत नाही. ९८७६५४३२१ चे अवयव असे : ३ चा वर्ग, १७ चा वर्ग आणि ३७९७२१. १२३४५६७८९ चे अवयव : ३ चा वर्ग, ३६०७ आणि ३८०३. दोघींचा महत्तम साधारण विभाजक ९. उतरत्या अंकांच्या या देखण्या रांगेत सतराचा वर्ग लपलेला असेल, हे अंकांकडे नुसते पाहून कोणाच्याही लक्षात येणार नाही.

सत्तेचाळीसचा वर्ग आणि लीलावती

एटकिन यांचा जन्म १ एप्रिल १८९५ चा, ड्युनेडिनमधला. सात भावंडांत ते थोरले. वडील किराणा दुकानदार होते. ओटागो बॉइज हायस्कूलमध्ये शिकत असताना बीजगणिताच्या तासाला शिक्षकांनी सहज एक गोष्ट सांगितली. दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र वर्ग काढण्यासाठीही वापरता येते : ४७ चा वर्ग हवा असेल, तर ४७ मध्ये ३ मिळवून ५०, ३ वजा करून ४४, त्यांचा गुणाकार २२००, त्यात ३ चा वर्ग ९ मिळवला की २२०९. त्या क्षणी आपल्याला प्रकाश दिसला, असे एटकिन पुढे सांगत. तोवर आकडेमोडीत त्यांना फारसा रस नव्हता. त्यानंतर काही वर्षे त्यांनी मनोगणिताचा कसून सराव केला.

मराठी वाचकाला ही युक्ती नवी वाटण्याचे कारण नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त वर्ग काढण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यांत हीच एक आहे : इष्ट संख्या मिळवावी, तीच वजा करावी, दोन्ही फलांचा गुणाकार करून इष्टाचा वर्ग त्यात घालावा. गुणाकारासाठीही तेथे इष्टगुणन सांगितले आहे. गुणकात सोयीची संख्या मिळवून किंवा त्यातून वजा करून गुणावे आणि शेवटी तेवढी दुरुस्ती करावी. सोय आधी उचलायची, तिचे ऋण शेवटी फेडायचे, हेच तत्त्व एटकिन यांच्या ८१ मागेही आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे त्या भास्कराचार्यांचा ग्रंथ आणि ड्युनेडिनच्या शाळेतला तो तास यांच्यामध्ये साडेसातशे वर्षांचे अंतर असले, तरी विचाराची वाट एकच आहे.

आणखी एक जुळणी मौजेची आहे. ‘लीलावती’त एकं, दश, शत यांपासून परार्धापर्यंत स्थानांची अठरा नावे दिली आहेत. एटकिन यांचा गुणाकार बरोबर अठरा अंकी आहे. एकं स्थानी नऊ आणि परार्धाच्या स्थानी एक, अशी भास्कराचार्यांची सगळी घरे तो भरतो. एकही रिकामे राहत नाही आणि एकही कमी पडत नाही.

देवळालीची वजाबाकी

याच दोन संख्यांचा गुणाकार न करता वजाबाकी केली तर? येथे ड्युनेडिनहून थेट नाशिकजवळच्या देवळालीला यावे लागते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते देवळालीत शाळाशिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. कोणतेही चार अंक घ्यावेत (चारही सारखे नसावेत), ते उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी, उत्तराला पुन्हा तीच क्रिया लावावी. फार तर सात पावलांत ६१७४ येते आणि तेथेच स्थिरावते, हा त्यांचा शोध. ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च. ही संख्या आज कापरेकर स्थिरांक या नावाने जगभर ओळखली जाते.

हीच क्रिया नऊ अंकांना लावली की ९८७६५४३२१ पुन्हा समोर येते. एक ते नऊ हे अंक कोणत्याही क्रमाने घ्यावेत. उतरता क्रम ९८७६५४३२१, चढता क्रम १२३४५६७८९, आणि वजाबाकी ८६४१९७५३२. या उत्तराचे अंक नीट पाहावेत. आठ, सहा, चार, एक, नऊ, सात, पाच, तीन, दोन : एक ते नऊ सर्व अंक, प्रत्येकी एकदाच. म्हणून त्याला पुन्हा तीच क्रिया लावली की पुन्हा तेच उत्तर येते. ८६४१९७५३२ ही नऊ अंकांमधील कापरेकर स्थिरांक आहे. नऊ अंकांत अशी आणखी एक संख्या आहे, ५५४९९९४४५. मात्र चार अंकांप्रमाणे येथे प्रत्येक संख्या स्थिरांकापाशी पोचतेच असे नाही, काही संख्या एका चक्रात फिरत राहतात.

हे कसे घडते, ते हातच्यावरून कळते. वरच्या अंकांतून खालचे अंक वजा करताना हातच्याचा विचार बाजूला ठेवला तर डावीकडून फरक ८, ६, ४, २, ० आणि मग उणे २, उणे ४, उणे ६, उणे ८ असे येतात, सगळे सम. उजवीकडून प्रत्यक्ष वजाबाकी सुरू केली की एककाच्या जागी २ येतात आणि पुढच्या पाच घरांत हातच्याचा एक वजा होत गेल्याने सम अंकांचे विषम होतात : ३, ५, ७, ९, १. त्यानंतर हातचा संपतो आणि ४, ६, ८ जसेच्या तसे राहतात. पाच विषम आणि चार सम असे नऊही अंक असे हजर होतात.

कापरेकरांच्या वहीतली आणखी एक ओळख येथे सांगण्याजोगी आहे. नऊ एक ओळीने लिहून त्या संख्येचा, म्हणजे ११११११११११ मधला एक एकक कमी करून उरणाऱ्या १११११११११ चा, वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२१ मिळते. आपल्या दोन्ही संख्या नवापाशी एकमेकींना भेटतात. १, १२१, १२३२१ या कुळातील संख्यांना कापरेकरांनी ‘डेम्लो’ संख्या म्हटले. आज डोंबिवली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली, म्हणून स्थानकाचेच नाव त्यांनी तिला दिले असे सांगितले जाते. दहा एक घेतले की हा मनोरा मोडतो : वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो आणि चढत्या बाजूचा आठ नाहीसा होतो. १/८१ मध्ये आठ गाळणारा हातचा तो हाच.

हे गणित की नुसता खेळ

कापरेकरांच्या कामाकडे भारतातील अनेक गणितज्ञ दीर्घकाळ करमणूक म्हणूनच पाहत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. आक्षेपाचे सूत्र असे की, हे गुणधर्म संख्यांचे नाहीत, त्या लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. माणसाला बारा बोटे असती तर ६१७४ मध्ये काही विशेष उरले नसते.

आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. ९८७६५४३२१ वरच तो तपासून पाहता येतो. दहाऐवजी चाराच्या आधारावर संख्या लिहिल्या तर अंक फक्त ०, १, २, ३ उरतात. उतरती संख्या ३२१, म्हणजे आपली ५७. चढती १२३, म्हणजे आपली २७. येथे नवाची जागा तीन घेतो. ५७ ला तीनाच्या वर्गाने गुणले की ५१३, आणि ५१३ म्हणजे चाराच्या चौथ्या घाताची दुप्पट अधिक एक. दहाच्या पद्धतीत आठ हजार कोटी एक म्हणजे दहाच्या दहाव्या घाताची आठपट अधिक एक होते. ठेवण तंतोतंत तीच. दुसरे नातेही टिकते : २७ ची दुप्पट अधिक ३ म्हणजे ५७. बाराच्या आधारावर ८१ च्या जागी अकराचा वर्ग १२१ येतो, बाकी रचना तशीच राहते. म्हणजे लेखनपद्धती बदलली की अंक बदलतात, नियम बदलत नाही. जे एका संख्येचे नवल वाटत होते ते प्रत्यक्षात सर्व पद्धतींना लागू असलेले विधान ठरते. कुतूहलाचे गणितात रूपांतर होते ते नेमके या ठिकाणी.

खुद्द एटकिन यांनाही दहाच्या पद्धतीचे प्रेम नव्हते. बाराच्या आधारावरील मोजणी अधिक सोयीची आहे, असे त्यांचे ठाम मत होते आणि १९६२ साली दशमान नाण्यांच्या प्रस्तावाविरुद्ध त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली.

न विसरण्याची किंमत

एटकिन यांच्या बाबतीत संख्यांची ओळख आणि स्मरणशक्ती या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. मोटारीवर ७३१ क्रमांक दिसला की तो १७ गुणिले ४३ आहे हे लक्षात आल्यावाचून राहत नाही, असे ते सांगत. १९६१ हे साल म्हणजे ३७ गुणिले ५३. शिवाय ४४ आणि ५ यांच्या वर्गांची बेरीज. आणि ४० व १९ यांच्या वर्गांचीही. पाय या संख्येचे ७०७ दशांश त्यांनी पाठ केले होते. विल्यम शँक्स यांनी एकोणिसाव्या शतकात काढलेल्या त्या किमतीत ५२८ व्या स्थानापासून चूक असल्याचे १९४० च्या दशकात सिद्ध झाले, तेव्हा त्यांनी दुरुस्त किंमत नव्याने पाठ केली आणि पुढे ती हजार स्थानांपर्यंत नेली.

पण हीच स्मृती त्यांना अन्य काही विसरूही देत नव्हती. ओटागो विद्यापीठातील शिक्षण मध्येच सोडून १९१५ साली ते सैन्यात दाखल झाले. गॅलिपोलीत आणि नंतर फ्रान्समध्ये ते लढले. सोबत एक व्हायोलिन होते. ते त्या रणधुमाळीतून वाचले आणि त्यांच्या ड्युनेडिनच्या शाळेत जतन केले गेले. १९१६ साली फ्रान्समधील एका चकमकीनंतर पलटणीची हजेरीवही सापडेना, तेव्हा एटकिन यांनी आपल्या तुकडीतील जवानांची नावे आणि क्रमांक स्मरणातून सांगितले. त्यांतले बरेच जण त्या वेळी हयात नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोमच्या लढाईत ते स्वतः जखमी झाले आणि पुढच्या वर्षी मायदेशी परतले.

संख्या जशा पुसल्या जात नव्हत्या, तशी ती दृश्येही पुसली गेली नाहीत. युद्धाच्या आठवणींनी त्यांना आयुष्यभर पुनःपुन्हा आजारी पाडले. त्या आठवणी त्यांनी तरुणपणीच लिहून ठेवल्या होत्या. ‘गॅलिपोली टू द सोम’ या नावाने त्या १९६३ साली पुस्तकरूपाने आल्या आणि पुढल्या वर्षी रॉयल सोसायटी ऑफ लिटरेचरने त्यांना फेलो निवडले. १९६७ साली एडिंबरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणशक्तीचे कौतुक करताना तिची ही दुसरी बाजू विसरणे अन्यायाचे होईल.

यंत्र आल्यावर

१९२३ साली शिष्यवृत्तीवर एडिंबराला आलेल्या एटकिन यांना तेथे गणनयंत्र वापरायला मिळाले. मनातल्या मनात मोठे गुणाकार करण्याचे प्रयोजन आता संपले, हे त्यांनी तत्काळ ओळखले. आपले ते कौशल्य तेव्हापासून उतरणीला लागले, असेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. याबद्दल त्यांनी फार शोक केला नाही. संख्यांशी असलेली जवळीक त्यांनी दुसऱ्या कामाला लावली. १९२६ साली त्यांनी मांडलेली, मंदगतीने स्थिरावणाऱ्या संख्यामालिकेचा वेग वाढवणारी रीत आणि १९३५ सालचे न्यूनतम वर्ग पद्धतीचे व्यापक रूप ही आजही संगणकीय गणित आणि संख्याशास्त्र यांच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या नावाने शिकवली जातात. सिडनी वा ऑकलंडमध्ये विदा-विश्लेषण करणारा एखादा मराठी अभियंता यांतली दुसरी रीत संगणकाकरवी नेहमीच वापरत असेल. १९९५ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, न्यूझीलंडच्या गणित परिषदेत उत्तम व्याख्यान देणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एटकिन पारितोषिक सुरू झाले.

तेव्हा पाढे शिकवावेत का, या प्रश्नाचे उत्तर वेगाच्या कसोटीवर शोधू नये. वेगात यंत्राशी स्पर्धा एटकिन यांनीच शंभर वर्षांपूर्वी सोडून दिली. आधीच्या पिढीने पावकी, निमकी, दीडकी घोकली, त्यातून हिशेब झपाट्याने होत हे खरे. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे संख्यांची आपसांतली नाती कानावर पडत गेली. नाती ठाऊक असलेल्यालाच ९८७६५४३२१ पाहून ८१ आठवतो. आणि यंत्राने शेवटचे तीन अंक शून्य दाखवले, तर दोन संख्यांचे एककाचे अंक एक आणि नऊ असताना गुणाकाराच्या शेवटी शून्य येणार नाही, हेही त्यालाच चटकन खटकते.

घरातल्या मुलांसाठी एक छोटा प्रयोग सुचवता येईल. जन्माचे साल घ्यावे (चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले), अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत आणि वजाबाकी करत जावे. मध्ये तीन अंकी उत्तर आले तर पुढे शून्य धरावे. एटकिन यांचे साल १८९५ घेतले तर ८२६२, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि पाचव्या पावलाला ६१७४. कापरेकरांचे साल १९०५ घेतले तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४ : बरोबर सात पावले, या क्रियेत लागू शकणारी जास्तीत जास्त. देवळालीच्या मास्तरांचे स्वतःचे जन्मसाल त्यांच्याच स्थिरांकापाशी सर्वांत लांबच्या वाटेने पोचते.